भोंगा आणि न ओरडणारा मॅनेजर

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि माझा स्वतःचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. माझ्यातून आजवर जे बाहेर पडलं ते सगळं दुसऱ्यांचं. सेलच्या जागी आता हिरवा गंज चढला आहे, त्यामुळे बोलता बोलता मध्येच वाक्य तुट…

तुटलं. असं होतं. सांभाळून घ्या.

आवाज पूर्ण

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं तोंड पांढरंशुभ्र होतं. हातात धरायला मूठ आणि मुठीवर एक बटण. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की गप्प. माझ्याबरोबरचे भोंगे पोहण्याच्या तलावांवर गेले, बाजारात गेले. मला एका फुटबॉलवेड्या माणसाने घेतलं. त्यांना सगळे ‘थोरले’ म्हणत.

आमच्या क्लबच्या मैदानावर दोन गॅलऱ्या होत्या. समोरची नवी, खुर्च्यांची. आमची जुनी, लाकडी फळ्यांची, वर पत्रा. या जुन्या गॅलरीत थोरल्यांनी एक दंडक घालून दिला होता. कोणाविरुद्ध घोषणा द्यायची असेल, तर आधी भोंगा हातात घ्यायचा, सगळ्यांकडे तोंड करून उभं राहायचं आणि ती घोषणा एकट्याने म्हणायची, कारणासकट. मग बाकीच्यांनी. कौतुक मात्र कोणीही, कधीही करावं.

त्यामुळे पुष्कळ शिव्या लोकांच्या पोटातच राहत आणि मी जास्त करून आनंदाचंच बोललो. ते माझे सुखाचे दिवस. गोल झाला की मला हातोहात वरच्या फळीपर्यंत नेत, लहान मुली माझ्यातून खेळाडूंची नावं पुकारत, आणि घरी गेल्यावर थोरले मला मऊ फडक्याने पुसत.

थोरले वारले, आणि मी त्यांच्या धाकट्या भावाकडे आलो. हे जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, म्हणून ड्रायव्हरकाका. एकटा जीव. त्यांच्या दाराजवळच्या खुंटीवर मी लटकत असे. त्या घरात कुकर आणि रेडिओ यांच्याशिवाय आठवडाभर कोणी बोलत नसे. सामन्याच्या दिवशी मात्र काका सकाळपासूनच गुणगुणत बूट पुसायला बसत. गॅलरीत थोरल्यांची बायको भेटे, काकांची वहिनी. ती चष्म्याच्या दुकानात कामाला. थर्मासमधला चहा दोघं एकाच झाकणातून पीत आणि उरलेला सगळा वेळ भांडत.

आवाज निम्मा

मग ते वर्ष आलं. आमचा संघ हरत सुटला. तळाच्या दोन संघांनी खालच्या विभागात जायचं असा लीगचा नियम, आणि आम्ही तळाला घट्ट चिकटलेले. एका संध्याकाळी जुन्या गॅलरीतून ‘मॅनेजर, चालते व्हा’ अशी घोषणा उठली आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर खरंच गेले. क्लबचे अध्यक्ष समोरच्या गॅलरीत बसत, पण कान आमच्याकडे लावून.

नवा मॅनेजर आला. उंच, किंचित वाकलेला, हात खिशात. त्याच आठवड्यात क्लबने कळवलं की संघ खाली गेला, तर जुनी गॅलरी दुरुस्त करणं झेपणार नाही. ती बंद होईल.

त्या दिवसापासून गॅलरीने त्या माणसाला तराजूत घातलं. मी काकांच्या गुडघ्यावर पडून ऐकत असे.

“हा ओरडत का नाही?”

“बस चुकल्यासारखा उभा आहे नुसता.”

“ओ ड्रायव्हर, खरं का हो?”

“बस चुकलेला माणूस निदान हात तरी हलवतो,” काका म्हणाले.

“आपल्या कॅप्टनला बाहेर बसवला त्याने.”

“कॅप्टनचा गुडघा बघितलास? जिना तिरका होऊन उतरतो तो.”

“गुडघा कसाही असो, माणूस आपला आहे.”

“तिकडे आपल्यावर गोल होतोय, आणि हा चहाचा कप टाकायला कचरापेटी शोधतोय.”

“स्वच्छ माणूस आहे,” वहिनी म्हणाली.

“तर काय. गुणतक्तासुद्धा स्वच्छ ठेवलाय.”

हसले सगळे. मलाही हसू आलं, पण बटण दाबल्याशिवाय मला हसता येत ना…

आवाज पूर्ण

शेवटचा सामना. जिंकलो तर वाचलो. मध्यंतराला आम्ही एका गोलने मागे.

गॅलरीत कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. सगळे काकांकडे पाहत होते. काका उठले. मला घट्ट धरलं. बस चालवणाऱ्याची पकड ती, अंगठा नकळत बटणावरच रुतला. मला तोंडाशी नेलं आणि तसेच थांबून वहिनीकडे वळले.

“म्हणा की,” वहिनी म्हणाली. “पण कारण काय सांगणार?”

“कारण…” काका म्हणाले. “खरं सांगू का वहिनी? त्या माणसावर राग नाही माझा. ही गॅलरी बंद झाली तर मी कुठे जाऊ? घरी भिंतींशी बोलू? तुम्ही काय, तुमच्या दुकानात माणसं येतात. मी इथे येतो तेव्हा मला कोणीतरी विचारतं, काय ड्रायव्हर, कसं काय. आणि तो गप्प उभा असतो ना, तेव्हा मला वाटतं, माझं सगळं हातचं चाललंय आणि याला काही पडलेलीच नाही.”

पत्र्यावर आपटून स्वतःचाच आवाज परत आला, तेव्हा कुठे काकांना कळलं. त्यांनी अंगठा उचलला. फार उशीर झाला होता. गॅलरीने ऐकलं होतं. समोरच्यांनी ऐकलं होतं. आणि गवत पाहायला खेळाडूंच्या आधी बाहेर आलेला नवा मॅनेजर मैदानाच्या मध्यावर थबकला होता.

तो चालत आमच्या कठड्यापाशी आला. कोणीतरी मला त्याच्यापुढे धरलं.

“नको, ते मला जमत नाही,” तो म्हणाला. त्याचं ऐकायला पुढच्या फळ्यांना वाकावं लागलं. “काका, मला रात्र रात्र झोप नाही. पण मी ओरडलो की पोरं चेंडू सोडून माझ्याकडे बघतात. तुम्ही ओरडा. तुमच्याकडे पाठ करून खेळायची त्यांना सवय आहे.”

आणि तो परत गेला, हात खिशात.

काका गॅलरीकडे तोंड करून उभे राहिले. सगळे वाट पाहत होते.

“मला कारण सापडत नाही,” ते माझ्यातून म्हणाले. “ज्याला सापडेल त्याने भोंगा घ्यावा.”

मला कोणी घेतलं नाही. मग काकांनी आमच्या गोलरक्षकाचं नाव पुकारलं, गॅलरीने ते उचललं, आणि त्यानंतर अख्खा उत्तरार्ध मी थांबलो नाही. कॅप्टनच्या जागी आलेल्या खेळाडूने बरोबरीचा गोल केला. दुसरा गोल…

दुसरा गोल झालाच नाही, मित्रांनो. आम्ही खाली गेलो. अध्यक्षांनी बराच वेळ आमच्याकडे कान देऊन पाहिलं. घोषणा आली नाही. मॅनेजर राहिला. गॅलरीला कुलूप लागलं.

आवाज बंद

खुंटी. धूळ. पोटातले सेल तसेच राहिले आणि पाझरले. काकांनी बूट पुसले नाहीत.

नव्या हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या दिवशी दार वाजलं. वहिनी थर्मास घेऊन उभी.

“भावोजी, येताय की भोंगा मी एकटीच घेऊन जाऊ?”

“उभं कुठे राहायचं? गॅलरी कुठे आहे?”

“मैदान आहे ना जागेवर? चला. चहा निवतो.”

गॅलरीच्या पुढ्यात, गवताच्या कडेला एक दोरी बांधली होती, आणि जुनी मंडळी तिला टेकून उभी होती. “काय ड्रायव्हर, कसं काय,” कोणीतरी म्हणालं. काकांनी मला वर उचललं, बटण दाबलं. माझ्यातून नुसती खरखर निघाली. तेव्हा त्यांनी उगाच माझ्या पोकळ तोंडातून हाक मारली, “मॅनेजर!”

तो दोरीच्या पलीकडे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ उभा होता. वळला.

“काका, नुसतं बोललात तरी ऐकू येतं.”

काकांनी मला काखेत घेतलं. थोडा वेळ खेळ पाहिला.

“तो डावीकडचा दमलाय,” ते साध्या आवाजात म्हणाले.

मॅनेजरने पाहिलं. “हो,” म्हणाला. “थोडा वेळ बघू.”

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. भोंगा ठेवून देताना त्यातले सेल काढून ठेवा; काका ते विसरले म्हणून माझा आवाज गेला. पण कोणावर ओरडण्यासाठी मला उचलाल तेव्हा आधी दोन पावलं पुढे जाऊन पाहा. त्या माणसाला तुमचं साधं बोलणं ऐकू येत असेल, तर मला खुशाल काखेत ठेवा. तिथेही मी मजेत असतो.