बहुधा माणसं

टर्रर्र.

कपडे वाळवायच्या ड्रायरचा बझर. वॉल्ट आत्ता कुठं माझ्या खांद्यावर डोळे मिटत होता. बर्फामुळं रस्त्यावर एक गाडी नव्हती. माझी चार वर्षांची लेक जूनी सोफ्याखाली आपल्या प्लास्टिकच्या गायी कोंबत बसली होती. घर इतकं गप्प होतं की मला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती. वॉल्टनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, जणू मीच वाजले, आणि भोकाड पसरलं.

एका हातात तो, दुसऱ्या हातात फोन. हे आता आपोआप होतं. हेलॉफ्टचा निरोप आला होता.

"प्रिय डावा_अंगठा, आपला 'एकहाती' हा कट्टा यंत्रं चालवतात, असं आमच्या यंत्राला आढळलं आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो बंद होईल. आपल्या सहभागाबद्दल आभार."

डावा_अंगठा म्हणजे मी. मार्नी, राहणार डुलुथ, मिनेसोटा. हेलॉफ्ट म्हणजे गोठ्यावरचा गवताचा माळा, पण ही त्याच नावाची वेबसाइट. जगभरातल्या बातम्या लोक इथं आणून टाकतात, बाकीचे त्यांना वर ढकलतात नाहीतर खाली लोटतात, आणि त्यावर भांडतात. ज्याच्या त्याच्या आवडीचे वेगळे कट्टे असतात. ते आम्ही फुकट सांभाळतो आणि जाहिरातींचा पैसा कंपनीला जातो. आमच्यात म्हणतातच, गवत आपण उचलायचं, दूध त्यांनी काढायचं.

'एकहाती' हा तान्ह्या बाळांच्या आयांचा कट्टा. नियम एकच. दुसऱ्या हातात बाळ असणार, म्हणून काना-मात्रा-वेलांटी गाळली तरी चालेल, आणि त्यावर कुणी हसायचं नाही. "बळ झपत नह" असं कुणी लिहिलं की आम्हाला बाळही दिसतं, झोपही दिसते आणि तिचा अवतारही दिसतो.

वॉल्ट झाला तेव्हा तो दूध ओढेना. डेल बर्फ हटवायचा ट्रक चालवतो. हिवाळ्यात तो नवरा कमी आणि हवामानखात्याचा माणूस जास्त. माझी आई ॲरिझोनात, तिला थंडी चालत नाही. मी न्हाणीघरात बसून "म वईट आई आह" असं लिहिलं होतं. लगेच थंडकॉफी नावाच्या बाईनं उत्तर दिलं, "नह. त दमलल आई आहस. उश मनखल घ." नाही. तू दमलेली आई आहेस. उशी मानेखाली घे. उशी घेतली. वॉल्ट प्यायला. तेव्हापासून तो कट्टा माझं माहेर आहे. आणि माहेर शुक्रवारी पाडणार होते.

मी लिहून तक्रार केली. मग समुदाय विभागातल्या केंडलचा फोन आला. गोड आवाजाचा माणूस.

"मार्नी, आज दिवस कसा जातोय?"

"शर्टाच्या एका बाहीवर दूध आहे, दुसरीवर गाजर. तुमचा?"

"छान, छान. हे बघा, यंत्राला असं दिसलं की तुमच्याकडे कुणी झोपतच नाही. एकच प्रश्न शंभरदा विचारला जातो. आणि मजकुराला अर्थ नाही."

"अहो, ही तर बाळंतिणीची लक्षणं आहेत!"

"यंत्राला वाटतं, तुम्ही सांकेतिक भाषेत बोलता."

"सांकेतिक नाही हो, अर्धवट."

"मी तुम्हाला एक चित्र पाठवतो. ट्रॅफिक सिग्नल असलेल्या चौकटी निवडा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे नोंदवता येईल."

चित्र आलं. मी अंगठा टेकवणार, तेवढ्यात वॉल्टनं सगळ्या पडद्यावर उलटी केली. पुसलं तेव्हा एक दुकान आणि एक झाड निवडलं गेलं होतं. दुसरं चित्र जूनीनं बळकावलं.

"मम्मा, यात गाय कुठंय?"

"गाय नाही गं, सिग्नल शोधायचाय."

"ही गाय." तिनं एका बसवर बोट ठेवलं आणि दाबलं.

पलीकडून केंडल म्हणाला, "मार्नी, यंत्र म्हणतंय की तुम्हीपण यंत्रच आहात."

"मग मला रात्री चार्जिंगला लावा हो, उपकार होतील."

तो हसला, पण त्याच्या हातात काही नव्हतं. वरचे लोक यंत्राचं ऐकतात, यंत्र कुणाचंच ऐकत नाही.

मी कट्ट्यावर सगळं सांगितलं. थंडकॉफी म्हणाली, "सप कर य." संप करू या. कट्ट्याला कुलूप लावून उपयोग नाही, किल्ली कंपनीकडेही असते. म्हणून ठरलं की कुणी एक अक्षर लिहायचं नाही. बुधवार सकाळपासून कडकडीत मौन.

संपात सगळ्यांत आधी तेलकट_आजोबा आले. हे नेब्रास्काचे म्हातारे जुन्या ट्रॅक्टरांचा कट्टा चालवतात, पण त्यांचाही एक हात सदा इंजिनात अडकलेला, म्हणून आमच्या कट्ट्याचेही सभासद. त्यांनी लिहिलं, "परन, म तमचयबरबर." पोरींनो, मी तुमच्याबरोबर. त्यांच्यामागून ट्रॅक्टरवाले आले. मग विणकामवाल्या, मधमाश्यावाले, आणि वर्षभर कुणाशीच न पटणारे बुद्धिबळवाले. बुधवारी सकाळी हेलॉफ्ट उघडलं तर माळा रिकामा. वर एकच जुनी बातमी लोंबकळत होती, एका रकून प्राण्याची, जो बँकेत शिरला होता.

मला फार भारी वाटलं. मी हॉटडिशवर, म्हणजे ओव्हनमध्ये भाजायच्या खिम्यावर, बटाट्याचे गोळे रचता रचता जूनीला म्हटलं, "बघ, तुझी आई पुढारी आहे."

"पुढारी म्हणजे?"

"जिचं सगळे ऐकतात."

जूनीनं वॉल्टकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आपल्या गायींकडे वळली.

दुपारी फोन थरथरला. कट्ट्यावर एक अनोळखी बाई आली होती. खातं नवं कोरं, तिला संप-बिंप काही ठाऊक नसणार. तिनं लिहिलं होतं:

"बळच श हरव. म एकट. कण आह क"

बाळाची शी हरव. मी एकटी. कुणी आहे का.

मी फोन ओट्यावर पालथा ठेवला. संप म्हणजे संप. एक बटाट्याचा गोळा रचला. दुसरा रचला. शुक्रवारपर्यंत दम धरला तर सगळ्यांचं माहेर वाचणार होतं, आणि संपाची हाक माझ्याच कट्ट्यातून गेली होती. तिसरा गोळा हातात घेतला आणि वाटलं, ती न्हाणीघरात बसली असेल.

फोन उचलला. "आह. आमह सगळय आहत. हरव श चलत, घबर नकस." आहे. आम्ही सगळ्या आहोत. हिरवी शी चालते, घाबरू नकोस. पाठवलं आणि डोळे मिटले. फितूर झाले.

डोळे उघडले तर माझं उत्तर सतरावं होतं.

सगळ्यांत आधी थंडकॉफी फुटली होती. तिच्यामागं सगळा कट्टा. आणि नुसती उत्तरं नव्हती, युद्ध पेटलं होतं. अर्ध्या जणींनी 'हरव' म्हणजे हिरवी असं वाचलं होतं, अर्ध्या जणींनी हरवली. म्हणजे होतच नाही.

"हरवल असल तर पट चळ," पोट चोळ, असं एक म्हणाली.

"अग हरव महणज रग!" दुसरी. म्हणजे हिरवा रंग.

"रग असत तर रग लहल असत!"

"मगचय हवळयत पण त असच चकच वचल हत!" मागच्या हिवाळ्यातही तू असंच चुकीचं वाचलं होतंस, असं जुनं उणंदुणं निघालं.

त्यात तेलकट आजोबा. "हरवल असल तर गडचय सटखल बघ. मझ पन तथच सपडत." गाडीच्या सीटखाली बघ. माझा पाना तिथंच सापडतो.

बुद्धिबळवाल्यांनी दोन्ही शक्यतांचं सविस्तर विश्लेषण केलं. विणकामवाल्या त्यांच्यावर धावून गेल्या.

बऱ्याच वेळानं ती बाई परत आली. तिनं एकच शब्द लिहिला होता. "पलक."

पालकासारखी. हिरवी! जिंकलेल्यांनी जल्लोष केला. हरलेल्यांतली एक म्हणाली, "पलक महणज तल आई-बप अस महणयच असल." पालक म्हणजे तिला आई-बाप असं म्हणायचं असेल! की पुन्हा सुरू. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "म हसत आह. बळ पण." मी हसते आहे. बाळ पण.

संपाचा पार चुथडा झाला होता. संध्याकाळी केंडलचा फोन वाजला तेव्हा मी वाडग्यातला चमचा हातात धरून बसले.

"मार्नी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या संपाला वर कुणी भीत नव्हतं. दोन दिवसांत लोक परत येतात, हे त्यांना पाठ आहे."

"बरं. मग हसायला फोन केलात?"

"नाही. ती हिरव्या शीची चर्चा मी साहेबांना वाचून दाखवली. म्हटलं, यंत्राला संप मोडायला सांगावं लागतं. तुम्ही न सांगता मोडलात. आणि दोन यंत्रं एका शीवरून इतकी भांडत नाहीत. तितकी वीज कुणाला परवडणार? साहेबांना तीन मुलं आहेत."

"मग?"

"कट्टा राहतोय. पण यंत्र अजून ऐकत नाहीये, म्हणून मधला मार्ग काढलाय. बघा."

मी बघितलं. 'एकहाती'च्या नावाखाली बारीक अक्षरांत एक शिक्का उमटला होता. 'बहुधा माणसं.'

मी इतकी हसले की वॉल्ट दचकला, आणि मग तोही तोंडभर हसला. कट्ट्यावर गडबड उडाली होती. थंडकॉफीनं लिहिलं होतं, "मझ सस पण मल हच महणत." माझी सासू पण मला हेच म्हणते.

जूनी माझ्या मांडीवर चढून बसली. एका गुडघ्यावर ती, एका हातात वॉल्ट, आता अंगठाही उरला नाही.

"मम्मा, कुणाला हसतेस?"

"थंडकॉफीला."

"ती तुझी मैत्रीण आहे?"

"हो तर. फार जवळची."

"माझ्या मैत्रिणीचं नाव इंग्रिड. तिच्याकडे निळे बूट आहेत." जूनीनं फोनवर बोट टेकवलं. "हिचं खरं नाव काय?"