ग्लासवरचा पुठ्ठा

"ज्या दिवशी लोक आपल्या गावची बिअर सोडून मिलवॉकीच्या बड्या कारखान्यांची प्यायला लागले, त्याच दिवशी हे प्रजासत्ताक बुडालं!" एल्रॉयने जाहीर केलं आणि मिशीवरचा फेस बाहीने पुसला. फेस मिलवॉकीच्याच बिअरचा होता.

शुक्रवार होता. आमच्या विस्कॉन्सिनच्या रीतीप्रमाणे बारमध्ये मासे तळत होते. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एल्रॉयचा चेहरा पडला.

त्याच्या शेजारच्या रिकाम्या स्टुलापुढे एक ग्लास होता, त्यावर पुठ्ठ्याची चकती. आमच्याकडे याचा अर्थ, माणूस जरा बाहेर गेलाय, येईल परत, तिथे बसू नका. ते स्टूल नॉर्बर्टचं. त्याला आम्ही ईस्टरच्या आठवड्यात पुरलं. तरी एल्रॉय दर शुक्रवारी ती चकती ठेवतो. दोघांनी जन्मभर विरुद्ध पक्षांना मतं दिली. अमेरिकेचं यादवी युद्ध कोणी जिंकलं, यावरही त्यांचं एकमत नव्हतं; नॉर्बर्ट काउंटरवर मूठ आपटून ओरडायचा.

"लिंकन आमच्या पक्षाचा!" एल्रॉयने खडा टाकून पाहिला.

"असेल बाबा," मी म्हणालो.

"असेल काय, असेल!"

काउंटरमागच्या डार्लीनने फडकं खाली ठेवलं. "लिंकन आज आला असता ना, तर तुझ्या पक्षाने त्याला दारात उभं केलं नसतं, म्हाताऱ्या गाढवा!"

एल्रॉय तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा रडतो.

"बरं जमलं," तो म्हणाला. "फक्त जरा मोठ्याने बोल. आणि मूठ आपट."