‘उठलात का?’ची सकाळ

डिम्फ्ना कॅफर्कीला रेडिओवर घेतलं ते मयतांच्या बातम्या वाचायला. आयर्लंडच्या लीट्रिम काउंटीत सकाळी रेडिओ लावतात तो कोण गेलं हे कळावं म्हणून. पाऊसपाणी आणि गुरांचे भाव त्यानंतर. अमुक गावचे तमुक, राहत्या घरी, शांतपणे. प्रार्थना या चर्चमध्ये, दफन त्या चर्चच्या आवारात, घरच्यांनी फुलं नकोत म्हटलंय. डिम्फ्नाचा आवाज त्या कामासाठीच बेतल्यासारखा होता, खालच्या पट्टीतला, सावकाश, मऊ. बॅलिनार गावच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "मरावं तर डिम्फ्नाच्या तोंडून."

हीच बाई घरी आपल्या बहिणींसमोर सगळ्या गावाच्या नकला करते, हे बहिणींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

मॅलकी टियर्नन गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचा. तोंडाचा पट्टा असा की गायीला स्वतःची किंमत कळायच्या आत ती विकलेली असे. बाजार बंद पडला आणि पन्नाशीला आलेला हा गडी घरी बसला. ड्रमलिन रेडिओचा मालक प्रंटी, त्यानं त्याला गुरांचे भाव वाचायला ठेवलं. रेडिओ होता प्रंटीच्याच हार्डवेअरच्या दुकानावर. खाली खिळे, पत्रे, फावडी. वर माळ्यावर मायक्रोफोन. कुणी रंगाचे डबे मागायला चुकून वर यायचा आणि त्याचा आवाज काउंटीभर जायचा.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात एका रात्रीत एवढा बर्फ पडला की सकाळी गाणी लावणारा पोरगा तिकडे स्लायगोतच अडकला. स्टेशनात पोचले फक्त हे दोघं, कारण दोघंही गावातलेच. प्रंटीनं घरून फोन केला, "काहीही बोला, पण गप्प बसू नका. रेडिओ गप्प झाला तर लोकांना वाटेल मीच गेलो."

मॅलकीनं खिडकीबाहेर पाहिलं आणि बर्फाचा लिलाव सुरू केला. "घ्या हो घ्या! पहिल्या प्रतीचा बर्फ, एकाच मालकाच्या हातचा, वरून आजच आलाय! कोण बोलतं? मागे त्या शेडमधल्या साहेबांनी मान हलवली... नाही, ते थंडीनं कुडकुडतायत!"

समोर डिम्फ्ना ओठ चावत बसली होती. मग तिलाही राहवेना. तिच्या तोंडून एक चिरका, भांडकुदळ, दात पडलेला आवाज निघाला. "तुझा बर्फ घाल चुलीत! माझ्या दोरीवरचे परकर कुणी खाल्ले ते सांग आधी!"

मॅलकीचे डोळे विस्फारले. पण लिलाववाला तो, मागून आलेली बोली त्यानं कधी सोडली नव्हती. "कोण बोलतंय बाई?"

"विधवा बिडी फॉक्स! आणि खाणारा कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. शेजारच्याचा बोकड. बिशप!"

"बिशपनं परकर खाल्ला?"

"बोकडाचं नाव बिशप आहे रे मेल्या!"

फोन वाजला तो वाजतच राहिला. कुणी म्हणालं, बोकडाला मिठाच्या पाण्यात भिजवलेले कपडे खायला घाला. कुणी म्हणालं, बिशपबद्दल असं बोलता, लाज नाही वाटत? हे म्हणणारा स्वतः खिदळत होता. वसंत यायच्या आत प्रंटीनं सकाळची वेळ दोघांना देऊन टाकली. कार्यक्रमाचं नाव ठेवलं ‘उठलात का?’

पुढची काही वर्षं अशी गेली की लीट्रिममध्ये सकाळी दुसरं काही ऐकू येत नव्हतं. दूध काढण्याच्या शेडमध्ये रेडिओ खुंटीला लटकलेला असायचा, आणि गायी बिडी फॉक्सच्या आवाजाला पान्हा सोडतात असं शेतकरी शपथेवर सांगत. शाळेच्या बसमधली पोरं तिच्यासारखं बोलून मार खायची. फादर मॅकनिफ यांनी तर बिशपचा भाग संपल्यावरच सकाळची प्रार्थना सुरू करायचा पायंडा पाडला. खऱ्या बिशपना हे कळलं की नाही, देव जाणे.

कागदावर लिहून ते काहीच आणत नसत. अंधारात मॅलकीच्या गाडीतून येताना ठरायचं, आज बिडीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं. एवढंच. पुढचं मायक्रोफोनसमोर. मॅलकी तिला कोपऱ्यात गाठायचा, ती निसटायची, आणि निसटताना त्यालाच चिखलात लोळवायची. डिम्फ्नानं लग्न केलं नव्हतं; मॅलकीची बायको कधीच वारली होती. गावानं दोघांचं लग्न मनातल्या मनात दहा वेळा लावलं. त्या दोघांना त्याची गरज वाटली नाही. दोन माणसांनी रोज सकाळी एकमेकांना हसवायचं, यापलीकडे आणखी काय करायचं, हा प्रश्नच त्यांना पडला नाही.

लोक आजही ज्या सकाळीबद्दल बोलतात, ती पॅकी गिलहूलीच्या शेळीची.

पॅकी डोंगराकडचा एकटा शेतकरी. सूट घालून, केसांना पाणी लावून तो दुकानाचा जिना चढून वर आला. हातात दोरी, दोरीला पांढरी शेळी. कार्यक्रम चालू होता. दार ढकलून तो आत आला आणि टोपी काढून म्हणाला, "बाईंना भेटायचंय. मिसेस फॉक्सना."

मॅलकीला तर लॉटरीच लागली. "या या! काम काय काढलंत?"

"बोकड बिथरलाय तो जोडीदारीण नाही म्हणून. मी गुरं राखून आहे, मला कळतं. ही त्याला देऊन टाका. परकर वाचतील."

तोवर बातम्यांची वेळ झाली. बातम्या वाचणाऱ्या बिचाऱ्या पोरीनं सुरुवात केली, आणि शेळीनं तिच्या हातातला कागद कोपऱ्यापासून खायला घेतला. पंतप्रधान गेले, युरोप गेला, हवामानाचा अर्धा भाग गेला. "आणि पश्चिमेकडे... पश्चिमेकडे काय ते शेळीलाच विचारा," म्हणत पोरगी टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. मॅलकी खुर्चीवरून खाली घसरला. कितीतरी वेळ रेडिओवर नुसतं हसू आणि मधूनच बें-बें.

पॅकी मात्र हसत नव्हता. तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता, आणि खोलीभर नजर फिरवून मिसेस फॉक्सना शोधत होता.

डिम्फ्नाच्या ते लक्षात आलं. तिनं मॅलकीला गाणं लावायची खूण केली. मॅलकी कुजबुजला, "गाणं कसलं! त्याला मायक्रोफोनपाशी आण, बिडीला मागणी घालायला लाव!"

"नाही."

"अगं, सोन्यासारखा—"

"मॅलकी, मी नाही म्हटलं ना."

त्याला तिचा असा आवाज ठाऊक नव्हता. त्यानं मुकाट्यानं गाणं लावलं.

डिम्फ्नानं पॅकीला खालच्या दुकानात नेलं, रंगाच्या डब्यावर बसवलं, चहा दिला. "मिस्टर गिलहूली, बिडी फॉक्स मीच. आवाज काढते मी. बाई नाही, घर नाही, बोकडही नाही."

पॅकीनं चहाचा कप खाली ठेवला. "परकरही नाहीत?"

"परकर आहेत," डिम्फ्ना म्हणाली. "माझे. पण कुणी खात नाही."

तेव्हा त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "मग शेळी तुम्हीच ठेवा. इतक्या लांबून आणलीय, आता परत कशी नेऊ? लोक विचारतील नाही का." ती शेळी डिम्फ्नाच्या परसात बरीच वर्षं राहिली आणि तिनं बरंच काही खाल्लं.

चांगले दिवस कधी फिरले ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आधी दूधवाले कमी झाले. गावाबाहेर नवी घरं उठली. त्यांतली माणसं काळोखातच गाडी काढून डब्लिनच्या वाटेला लागायची आणि तिथलीच स्टेशनं ऐकायची. प्रंटी थकला. त्यानं दुकान पुतण्याला दिलं आणि रेडिओ एका कंपनीला विकला. कंपनीनं रोनन हॅलपिन नावाचा मॅनेजर पाठवला. माणूस वाईट नव्हता. स्टेशनला नवे हेडफोन त्यानं आणले, माळ्यावरचं गळकं छप्पर त्यानंच दुरुस्त करून घेतलं. पण त्याच्याकडे आकडे होते.

"बोलणं थोडं आवरा," तो अजिजीनं म्हणायचा. "दोन गाण्यांच्या मध्ये एकच विनोद. लोकांना तेवढाच वेळ असतो."

"एकच?" मॅलकी म्हणाला. "एका विनोदात तर मी घसा साफ करतो."

बिडीला आठवड्यातून एकदाच यायची परवानगी मिळाली. फोन विरळ झाले. पूर्वी फोन आला की लागणारा दिवा विझत नसे, आता तो लागत नसे. मॅलकी बोलता बोलता त्या दिव्याकडे बघायचा. शेजाऱ्यांनी दार ठोठावणं बंद केलं की माणूस खिडकीशी येऊन बसतो, तसा.

मग अचानक दिवा पुन्हा लागू लागला. टॉमी बर्न नावाचा एक तक्रारखोर माणूस ऑगावासहून रोज फोन करू लागला. रस्त्यावरचे खड्डे, जावई, पोपच्या पुतळ्यावर बसलेलं कबूतर, त्याला कशाचंही वाईट वाटे. डिम्फ्ना त्याच्याशी मनापासून भांडायची. चौथ्या की पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, टॉमीचा फोन येतो तो नेहमी मॅलकी चहा आणायला गेला की. तिनं मान लांब करून काचेतून पाहिलं. बाहेरच्या बोळात, कोटांच्या खुंट्यांखाली मॅलकी टियर्नन उभा होता, एका हातानं नाक दाबून, दुसऱ्या हातात फोन.

टॉमीला तिनं जावयाबद्दल दोन शब्द सुनावले, आणि गाणं लावलं.

दुसऱ्या सकाळी ‘जरा जाऊन येते’ म्हणून ती उठली. फोनचा दिवा लागला. लाइनवर एक जर्मन बाई होती. तिला डब्लिनचा किल्ला बघायचा होता आणि ती गेले तीन दिवस लीट्रिममध्ये त्याच मेंढ्यांसमोरून गोल गोल फिरत होती.

बोळातून डिम्फ्नाला मॅलकीचा चेहरा काचेतून दिसत होता. क्षणभर तो रडेल असं तिला वाटलं. मग तो पुढे वाकला. "मॅडम, त्या मेंढ्यांनी तुम्हाला ओळख दाखवली का हो?"

त्या वर्षी त्या दोघांनी जे केलं तसं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. सगळी काउंटी दोघांच्या घशातून बोलत होती. पोस्टमन, नन, चुकार नवरे, स्वतःला मालकापेक्षा शहाणा समजणारा एक कुत्रा. या गोष्टीबद्दल ते एकमेकांशी अवाक्षरही बोलले नाहीत, गाडीतसुद्धा नाही. रोनन खूश होता. "बघा, फोन किती वाढले!"

पण आकड्यांना नकला कळत नाहीत. पुढच्या शरदात रोनन गुरुवारी दुपारी खाली मान घालून आला. उद्याचा कार्यक्रम शेवटचा. सोमवारपासून डब्लिनहून एकच कार्यक्रम साऱ्या स्टेशनांवर. डिम्फ्नाची मयतांची वेळ राहील. "आणि एक विनंती... निरोप घेऊ नका. कंपनीचा नियम आहे. निरोपानं लोक रडतात, आणि रडणारा माणूस स्टेशन बदलतो."

शुक्रवारी पहिलं गाणं संपलं आणि दिवा लागला.

"मॅलकी, मी ब्रीज गॅव्हिगन. शाळेची बस चालवते. आजचा शेवटचा म्हणे?"

मॅलकी गालात हसला, डिम्फ्नाला शाबासकी द्यायला त्यानं मान वर केली, आणि ती समोरच बसली होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

त्यानं सावधपणे विचारलं, "ब्रीज, तुझ्या बसचा रंग कोणता?"

"पांढरा. उलटतपासणी कसली घेतोस?"

"मग आज मुलं नाहीत?"

"आहेत की. गाडी बाजूला लावलीय. बोला रे पोरांनो!" आणि वीस-पंचवीस पोरं बिडी फॉक्सच्या आवाजात एकदम किंचाळली.

दिवा विझतो न विझतो तोच पुन्हा लागला. खाटिकाच्या दुकानात काल बातमी फुटली होती. फुटायला तेवढं दुकान पुरतं. एक परिचारिका लाइनवर आली, एक पाद्री आला, तुटलेल्या पायाचा कुणी छपरावरून पडलेला माणूस आला. फेनाघहून एक म्हातारा आला तो रागावूनच. "गेलं वर्षभर फोन करतोय, लागतो कुठे! कायम कुणीतरी आपलं लाइनवर. एक ती वाट चुकलेली जर्मन, नाहीतर तो टॉमी बर्न. त्या माणसाला कामधंदा नाही का?"

मॅलकीनं तोंडावर हात घेतला. डिम्फ्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते हसण्याचं की कसलं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "आजोबा," ती कशीबशी म्हणाली, "टॉमीच्या वतीनं मी माफी मागते."

"तू कशाला मागतेस? तू भली बाई आहेस. त्याला मागू दे."

मॅलकीनं नाक दाबलं. "माफ करा," टॉमी बर्न म्हणाला.

पलीकडे म्हातारा असा हसत सुटला की त्याला खोकल्याची उबळ आली, आणि कुणीतरी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

रोनन काचेपलीकडे उभा होता. त्यानं हाताची घडी घातली होती, पण थांबवलं नाही. निरोपाचा शब्द कुणी उच्चारला नाही. वेळ संपल्यावर डिम्फ्ना स्वतःच्या आवाजात एवढंच म्हणाली, "चला, उठा आता."

कोट घालून ते खाली रस्त्यावर आले. इतकी वर्षं सकाळी या रस्त्यावर त्यांनी उजेड पाहिला नव्हता. म्हणजे दुकानं उघडताना, पोरं शाळेत जाताना. कुठं जायचं हे दोघांनाही कळेना. शेवटी मॅलकी म्हणाला, "भूक लागलीय." मग ते कोपऱ्यावरच्या मिसेस डोलनच्या कॅफेत जाऊन बसले. अंडी, सॉसेज, तळलेला पाव, किटलीभर चहा.

मिसेस डोलनच्या रेडिओवर डब्लिनचं स्टेशन लागलं होतं. ती ओशाळली. "बंद करू का?"

"राहू दे," मॅलकी म्हणाला. "आपण कधी कुणाचं ऐकलंच नाही गं, डिम्फ्ना."

तिकडे एक तरुण पोरगा आपल्या आईनं कॉम्प्युटरला पवित्र पाणी शिंपडल्याची गोष्ट सांगत होता. दोघं कान देऊन बसले, जुने सुतार दुसऱ्याचं टेबल उलटं करून बघतात तसे. पोरगा मध्येच थांबला, योग्य तेवढाच थांबला, आणि मग शेवटचं वाक्य टाकलं. मॅलकीच्या नाकातून चहा आला.

"चांगला आहे गं हा," तो रुमालानं तोंड पुसत म्हणाला.

"घाई करतो थोडी."

"शिकेल."

डिम्फ्नानं त्याची बशी त्याच्याकडे सरकवली. "अंडं निवतंय तुझं, खा." आणि मग मिसेस डोलनकडे वळून तिनं विचारलं, सोमवारी कॅफे किती वाजता उघडतो.