भुयारी मार्गाचा विषय

सरूबाईनं टेबलाखाली पूर्णिमाचा हात धरला आणि दाबून ठेवला.

"उठू नगंस."

"अहो, पण सांगायला नको का? तुमच्या घरातलं माणूस गेलंय."

"म्हणूनच. आज कुणी गेलंच न्हाई, आसं समज."

पूर्णिमा कर्वेनगरची, पहिल्यांदाच निवडून आलेली. तिला हे पटलं नाही, पण हात तिनं सोडवून घेतला नाही. नगरसचिव माईकवर टिचकी मारत होते.

महापालिकेच्या सभागृहाची रीत अशी की, कुणी गेलं आणि एखाद्या सभासदानं उठून त्याचं नाव घेतलं, की सगळे दोन मिनिटं उभे राहतात आणि सभा तहकूब होते. कामकाज पुढच्या तारखेला. शोक खरा असतो. कधी सोयीचाही असतो. सरूबाईच्या गावाच्या नाक्यावरचा भुयारी मार्ग उन्हाळ्यापासून असाच पुढं ढकलला जात होता. एकदा जुने महापौर गेले, एकदा एक कीर्तनकार, मग तालमीतले एक वस्ताद. प्रत्येक वेळी सरूबाई उभी राहिली होती, मान खाली घालून, मनापासून. वस्तादांच्या वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं होतं, "पुण्यात मोठी माणसं पुष्कळ. आणि जातातही नेमकी सभेच्या तोंडावर."

गाव शहरात घेतलं तेव्हा रस्ता दोन बैलगाड्यांपुरता होता. मग पलीकडच्या माळावर संगणकाच्या कंपन्या आल्या, काचेच्या इमारती उठल्या, रस्ता चौपदरी झाला. गाव एका अंगाला राहिलं, उरलीसुरली शेतं दुसऱ्या. रविवारी द्वारका, सरूबाईची थोरली जाऊ, पलीकडून घासाचा भारा डोक्यावर घेऊन निघाली. डोक्यावर भारा असला की मान वळत नाही. तिला कंपनीची बस

तहकूब.

"विषय पहिला. कसबा पेठेतील गल्ल्यांचे काँक्रीटीकरण."

"मंजूर?"

"मंजूर."

एका श्वासात झालं. सरूबाईनं पदर खांद्यावर ओढून घेतला. दुसरा विषय तिचा होता. एरवी ती सभेला निघाली की द्वारका दारात येऊन म्हणायची, "तू तितं भांड. भाकरी मी बघते." आज सुतकात ती मागच्या दारानं निघाली होती, तरी सासूनं पाहिलंच, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"विषय दुसरा," नगरसचिव म्हणाले, आणि दार उघडून सर्जेराव आत आला.

सर्जेराव मार्केट यार्डातला कांद्याचा अडत्या, समोरच्या बाकांवरचा. त्याचं आणि सरूबाईचं कधी पटलं नव्हतं. मागच्याच सभेत तो म्हणाला होता, "बाईंना वरून रस्ता दिला, आता खालूनही पाहिजे. उद्या आभाळातून मागतील." आणि ती म्हणाली होती, "आभाळात तुमचा कांदा जातोय की. आमाला कुठली जागा तितं?"

आज तो जागेवर बसला नाही. त्यानं टोपी काढली. सरूबाईनं त्याच्याकडं बघत मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. त्यानं ती पाहिली आणि छातीवर हात ठेवला, जणू सांगत होता की बाई, तुम्ही कशाला, मी बोलतो.

"महापौर महोदय, कामकाज थांबवा. सकाळी गाळ्यावर यांच्या गावचा हमाल सांगत होता. सरूबाईंच्या जाऊ, द्वारकाबाई, रस्त्यावर गेल्या. घरात सुतक आहे आणि ह्या माउली इथं येऊन बसल्यात. आपण भांडतो, ते भांडायच्या ठिकाणी. पण आज यांच्यासमोर गटारांचं अन् दिव्यांचं बोलत बसलो, तर आपल्याला माणसं कोण म्हणेल?"

त्याचा आवाज चिरकला. तो नाटक करत नव्हता. करत असता, तर सरूबाईला उलटं बोलता आलं असतं.

महापौरांनी चष्मा काढला. "सरूबाई, आपल्याला काही बोलायचंय?"

ती उठली.

दिसली नाही. बस थांबली तेव्हा उशीर झाला होता. आतली पोरं-पोरी खाली उतरली. त्यांतल्या एकीनं आपली ओढणी द्वारकेवर घातली. घास रस्ताभर पांगला होता, हिरवागार, आणि मागच्या गाड्या त्याच्यावरून

तहकूब.

"आदी विषय घ्या," सरूबाई म्हणाली. "मग ऱ्हावा हुबं."

"विषय कुठं पळतोय, बाई?" महापौर हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या महिन्यात पहिला तोच घेऊ."

"महापौर महोदय, त्यांचीच इच्छा आहे की आज..." पूर्णिमा उठून बोलू लागली.

"मुली," सर्जेराव म्हणाला, "दुःखात माणसाला स्वतःचं कळत नसतं. ते इतरांनी सांभाळायचं असतं."

खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. सरूबाई आधीच उभी होती. तिला वेगळं काही करावं लागलं नाही.

घरी बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. गेनबा, द्वारकेचा नवरा, सरूबाईला बघून आत आला. त्यानं दाढी केली नव्हती, आणि हातांचं काय करावं हे त्याला समजत नव्हतं.

"तिचं नाव निघालं तितं?"

"निघालं, भाऊजी."

"कुणी काडलं?"

"सर्जेरावांनी. समदं सभागृह हुबं ऱ्हायलं."

"म्हापौर बी?"

"त्ये बी. चष्मा काडून."

गेनबानं मान हलवली, परत हलवली. मग तो बाहेर ओट्यावर गेला. तिथं भावकीतली माणसं बसली होती. तीन दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. म्हापौर चष्मा काढून उभा राहिला, आपल्या द्वारकीसाठी, तो सांगत होता, आणि नवीन कुणी आलं की पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

"आन भुयाराचं?" कुणीतरी विचारलं.



"सरू गेली हुती न्हवं," गेनबा म्हणाला. "झालं आसंल. एवडी माणसं उठली, मग न्हाई कशापायी म्हंतील?"

आत बायका सरूबाईकडं बघू लागल्या. तिनं तांब्या ओढून तोंडाला लावला आणि पाणी संपल्यावरही तो खाली ठेवला नाही.