फाटकापर्यंतचा झोत

तो रविवार होता आणि नाना सेलना ऊन देत होते.

खिडकीच्या कट्ट्यावर आईची लिंबाच्या लोणच्याची बरणी, आणि तिच्या मागे वर्तमानपत्राच्या घडीवर दोन सेल, एकमेकांना न चिकटता आडवे ठेवलेले. ऊन सरकलं की नाना खुर्चीतून उठायचे, घडी बोटभर पुढे ओढायचे आणि परत येऊन बसायचे.

"माझ्या लोणच्याची एवढी काळजी घेतलीत तर बरं होईल," आई म्हणाली.

"लोणचं मुरतं. हे मरतात. ऊन प्यायले की पुन्हा आठवडाभर चालतात."

ते खरं की खोटं, मला आजही माहीत नाही. मुलुंडात आमच्या ओळखीतले सगळेच सेल उन्हात ठेवत आणि सगळेच तसं शपथेवर सांगत.

बॅटरी लढाईनंतरची. लष्कराचं उरलेलं सामान विकायला निघालं, त्यात नानांना ती मिळाली. वीतभरही लांब नव्हती, कोटाच्या खिशात मावायची. पण तोंडाशी जाड भिंग होतं आणि मान पिळली की पसरलेला उजेड गोळा व्हायचा, बारीक होऊन लांब जायचा. घरांच्या आमच्या ओळीत वीज होती, पण बाहेर पाऊल टाकलं की मिठागरं आणि काळोख. त्यामुळे ती बॅटरी कोणी ना कोणी मागून नेत असे, आणि परत करताना प्रत्येक जण तिच्याबद्दल आपलं मत देऊन जाई.

त्या सकाळी ती चंद्रप्रकाशजींनी परत आणली आणि नानांनी लगेच सेल काढून कट्ट्यावर ठेवले. ते आमच्या शेजारचे. फाळणीनंतर आलेले, आणि मराठी त्यांनी आमच्याच ओट्यावर बसून शिकलेली.

"चीज अच्छी है, नानाजी. पण जवळचं काही दिसत नाही. ताडाचा शेंडा साफ दिसला आणि माझा पाय गटारात."

"जवळचं बघायला कंदील असतो."

"मग ही कशाला?"

"ही लांबचं बघायला."

"लांब काय आहे इथे? मीठ!"

मी आतल्या खोलीत मुलींच्या वह्या तपासत होते. नाना काय म्हणतात ते ऐकायला मी पेन थांबवलं. खुर्ची करकरली आणि कट्ट्यावरचा कागद पुढे सरकल्याचा आवाज आला.

दुपारी आम्ही जेवलो, नाना झोपले, उठून चहा प्यायले. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उद्या वर्ग आहे ना गं तुझा?"

"हो. उशीर होईल."

"बरं."

सोमवारी सकाळी आंघोळ करून ते खुर्चीत बसले आणि पंचा मागितला. आई पंचा घेऊन आली तेव्हा ते गेलेले होते.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. माणसं येत, बसत, एकच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून विचारत. आई प्रत्येकाला पंचाची हकीकत सांगे. पहिल्यांदा सांगताना तिचा आवाज फुटला होता, नंतर नंतर ती हातातल्या सुपाकडे बघत सांगू लागली. नंदू, माझा धाकटा भाऊ, अंधेरीहून बायकोला घेऊन आला होता. तो आल्यागेल्याची व्यवस्था बघे आणि मधूनच मागच्या दाराशी जाऊन उभा राही. मला झोप येत नव्हती आणि जागही नीट येत नव्हती. पुस्तक उघडलं की त्याच पानावर तासभर. आयुष्यभर वाचलेलं काही कामाला येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही.

अकराव्याचे विधी झाले, त्या संध्याकाळी गुरुजी बाराव्याच्या दानाचं सांगायला आले. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर जे लागतं ते त्याच्या नावाने ब्राह्मणाला द्यायचं. छत्री, जोडे, काठी, पाण्याचा तांब्या.

"आणि दिवा," गुरुजी म्हणाले. "वाट अंधारी असते."

ओसरीवर शेजारीपाजारी बसले होते. आमच्याकडे अजून चहा होत नसे म्हणून समोरच्या सुनंदाकाकूंनी किटली भरून आणली होती. त्या कपात चहा ओतत होत्या. चंद्रप्रकाशजी होते. मिठागरावर राखणीला असलेला दत्ताराम उंबऱ्याशी उकिडवा बसला होता.

आई म्हणाली, "दिव्याच्या जागी त्यांची बॅटरी दिली तर?"

गुरुजींनी डोकं खाजवलं.

"शास्त्रात तसं... पण उजेडाशी मतलब. चालेल. वस्तू मात्र धड हवी. फाटका जोडा, मोडकी छत्री दानात चालत नाही, तसंच हिचं."

"धड आहे की," आई म्हणाली. "चांगली रेल्वेच्या फाटकापर्यंत पोचते."

गुरुजी चहा न घेताच गेले. मी भिंतीला टेकून बसले होते. बॅटरी कपाटात, नानांच्या टोपीखाली होती, आणि ती तिथे आहे हे मला रोज सकाळी जाऊन बघावं लागत होतं. घरातली दुसरी कुठलीही वस्तू उद्या उचलून नेली असती तरी माझी हरकत नव्हती. छत्री, काठी, खुर्चीसुद्धा.

"फाटकापर्यंत?" चंद्रप्रकाशजी म्हणाले. "भाभीजी, नानाजी बडे आदमी, पण ही बात जरा जास्त. फाटक कुठे, आपण कुठे. एवढीशी तर आहे."

"आकारावर काय आहे?" सुनंदाकाकू म्हणाल्या. "पण जवळ निरुपयोगी, हे मी पण सांगते. माझी कुडी पडली होती खाटेखाली. शोधायला नेली तर भिंतीवर नुसता रुपयाएवढा ठिपका. एका वेळेला एक झुरळ दिसायचं. शेवटी काडी ओढली तेव्हा सापडली कुडी."

"काडीन खाट पेटली असती, काकी," दत्ताराम म्हणाला. "आनि नाव ठेवतास बॅटरीक! झोत न्हय तो, काठी आसा काठी. बांधार जनावर पडलला, मी हय, ता थय. ह्या बॅटरीन माका लांबसून दाखवल्यान. कंदील आसतो तर मी तेच्यार पाय दिलो असतो."

"साप किती लांब होता?" चंद्रप्रकाशजींनी विचारलं.

"सापाची लांबी इचारतास काय वाटेची?"

त्यावर सगळे हसले. आईसुद्धा हसली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच. मग पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा सुपातले तांदूळ निवडायला घेतले.

"पण फाटकापर्यंत नाही पोचणार," नंदू म्हणाला. "आई, नाना तसं सांगायचे हे मलाही माहीत आहे. पण कोणी बघितलंय तिकडून? आपण सगळे ह्या बाजूला. इथून लावली की झोत काळोखात जातो आणि संपतो. कुठे संपतो ते इथून कळत नाही."

"नाहीच पोचत," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "लागली शर्त."

"असं असेल तर देऊ नये," आई म्हणाली. सुपातला तिचा हात थांबला होता. "अर्ध्या वाटेत विझणारा दिवा कशाला द्यायचा त्यांना? पोचत असेल तर देऊ. नाहीतर नंदू, तू उद्या सकाळी पितळी निरांजन घेऊन ये बाजारातून. बॅटरी राहू दे घरात."

आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. "उत्तरा, तू तर रोज तिकडूनच येतेस. पोचते ना गं?"

रोज, म्हणजे शाळेच्या दिवशी. मी घाटकोपरला मुलींच्या शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर तिथेच बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेते, त्यामुळे परतताना काळोख पडलेला असतो. रुळांवरच्या फाटकापासून आमच्या घरापर्यंत मिठागराच्या कडेने बांध आहे, सरळ, मध्ये एक झाड नाही. माझी गाडी आली की नाना ओट्यावर उभे राहत आणि फाटकाच्या दिशेने झोत टाकत. मी त्याच्या रोखाने चालत येई. घराजवळ आले की ते बॅटरी विझवून आत जात, आणि मी चपला काढत असताना विचारत, "पोचत होता का गं फाटकापर्यंत?"

मी म्हणे, "आमटी कसली आहे?" नाहीतर, "आज पाणी आलं होतं का?"

रागाने नव्हे. दमलेली असायचे. आणि आमच्या घरात असल्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची पद्धत नव्हती. नानाही उत्तरासाठी थांबत नसत. आमटी कसली आहे ते सांगत.

"कधी नीट लक्ष दिलं नाही," मी आईला म्हटलं.

"वा! जी रोज बघते तिचंच लक्ष नाही," सुनंदाकाकू म्हणाल्या.

"मग आता देऊ लक्ष," नंदू उठत म्हणाला. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच हातात घेता येईल असं काम मिळालं होतं. "काळोख पडलाच आहे. ताई, तू फाटकाशी जा. मी ओट्यावरून टाकतो झोत. दिसला तर ओरड."

त्याने कपाटातून बॅटरी आणली, बटण सरकवलं. काही झालं नाही. पुन्हा सरकवलं.

"घ्या," चंद्रप्रकाशजी म्हणाले. "शर्त खतम."

नंदूने मागचं झाकण फिरवून काढलं. आत पोकळी. "सेल कुठे आहेत?"

आईला आठवेना. मला आठवलं. मी खिडकीशी गेले, बरणी बाजूला केली. तिच्या मागे घडीवर दोन्ही सेल तसेच होते, त्यांनी शेवटचे सरकवले होते तिथेच. रविवारपासून ते रोज ऊन पीत होते. कागद पिवळा पडला होता.

"दर रविवारी काय ते ऊन द्यायचे, देव जाणे," मी म्हटलं. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"रविवारी तू घरी असतेस ना," आई म्हणाली. "इतर दिवशी संध्याकाळी लागायची बॅटरी."

एवढं बोलून ती निवडलेले तांदूळ गोळा करायला लागली. मी सेल नंदूच्या हातात दिले. ते गरम असतील असं मला उगाच वाटलं होतं. गार होते.

बांधावरून फाटकाकडे मी कधी काळोखात गेलेच नव्हते. त्या वेळी नेहमी येतच असे. दत्तारामने सोबत येतो म्हटलं, मी नको म्हटलं. दोन्ही बाजूंना मिठागराचं पाणी होतं, त्याला कुजका खारट वास. पायाखालची माती अंदाजानेच कळत होती. पाठीमागे ओसरीवरचं बोलणं ऐकू येत होतं, मग ते पुसट झालं, मग नुसता आपल्या चपलांचा आवाज.

चालताना मी मनाशी ठरवून टाकलं. नाही म्हणायचं. दिसला नाही, एवढंच. कोण तपासायला येणार होतं? नंदूला तर तेच वाटत होतं, चंद्रप्रकाशजी शर्त जिंकतील, उद्या निरांजन येईल, आणि बॅटरी टोपीखाली राहील. आईला वाईट वाटेल, पण आधीच एवढं वाटत होतं की त्यात हे कळणारही नाही. कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

फाटकाशी पोचले तेव्हा फाटक उघडं होतं. आडव्या दांड्याच्या खांबाला हात टेकून मी घराकडे तोंड केलं.

तिकडे काहीच नव्हतं. घरं कुठली, पाणी कुठलं, कळत नव्हतं. रोज मी गाडीतून उतरून इथे यायचे तेव्हा हा काळोख असाच असणार. मी तो कधी बघितलाच नव्हता.

मग ठिपका आला. खाली, पाण्याच्या रेषेला लागून. आधी डळमळला, नंदूला मान नीट पिळता येत नव्हती. मग गोळा झाला आणि स्थिर झाला.

त्या उजेडात मला वाट दिसत नव्हती, हे खरंच आहे. पायाखालचा दगड दिसत नव्हता, हातावरच्या बांगड्या दिसत नव्हत्या. चंद्रप्रकाशजी म्हणतात ते बरोबर आहे, आणि सुनंदाकाकूही. ह्या बॅटरीने जवळचं काही दिसत नाही. पण त्या रोखाने चालायचं एवढं कळतं. मला दुसरं काही लागतही नसे.

लांबून नंदूची हाक आली. "ताई! पोचला काऽऽ?"

'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं. तिकडे ते सगळे ओट्याच्या कडेला येऊन उभे असणार. आई पुढे. तिला हो ऐकायचं होतं. कारण तिला ती वाट खरोखरच आहे असं वाटत होतं, आणि त्या वाटेवर तिचा माणूस अकरा दिवस एकटा चालत होता.

"ताऽई! दिसतोय का?"

ठिपका हलला नाही. नंदू हात घट्ट धरून उभा असावा. नाना असेच धरत. मी किती चालले, किती राहिलं, ते त्यांना तिकडून कधीच दिसत नसणार. तरी मी ओट्याशी येईपर्यंत ते झोत हलवत नसत.

"पोचला!" मी ओरडले. "हो! पोचलाऽऽ!"

पलीकडून काहीतरी गलका झाला, दत्तारामचा आवाज सगळ्यांत वर. मग उद्या काय होणार ते मला कळलं. उद्या बॅटरी जाणार. गुरुजी ती पिशवीत टाकतील, छत्री आणि जोड्यांबरोबर.

ठिपका अजून तिथेच होता. मी खांबावरचा हात काढला आणि त्या दिशेने चालू लागले. आता ओरडायची गरज नव्हती, म्हणून मी नेहमीच्या आवाजात बोलले, चपला काढताना बोलावं तसं.

"पोचत होता, नाना. फाटकापर्यंत पोचत होता. रोज."