बारादरीतल्या काचा

हौदबागेतल्या जुन्या, कमानींच्या बारादरीच्या भिंतीला एक उभी भेग गेली होती. ती वाढते आहे की थांबली आहे, हे समजावं म्हणून नम्रता ओव्हाळने उन्हाळ्यात तिच्यावर काचेच्या पाच पट्ट्या आडव्या बसवल्या होत्या. पद्धत जुनी आणि सोपी आहे. पट्टीचं एक टोक भेगेच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला प्लास्टरने चिकटवायचं. काच ताणली जात नाही, वाकत नाही. भिंत जराशी सरकली तरी ती तडकते.

दसऱ्यानंतर नम्रता पाहणीला आली तेव्हा पाचही पट्ट्या शाबूत होत्या. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत तिची बारा वर्षं गेली होती आणि अशा वेळी तिला बरं वाटायचं. या वेळी वाटलं नाही. भेगेजवळ चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेली एक वेल होती. तिच्या एका पानात भेग गेली होती, आणि उन्हाळ्यात त्या पानाच्या दोन तुकड्यांमध्ये जेमतेम नख शिरत होतं. आता करंगळी शिरली.

तिने काचा जवळून पाहिल्या. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या पट्ट्या तिने आणल्या होत्या. त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात. या पाचही पट्ट्यांच्या कडा धारदार आणि हिरवट होत्या. ही फोटोच्या फ्रेमची काच होती. कोणीतरी तुटलेल्या पट्ट्या काढून तिथे नव्या लावल्या होत्या.

दिवाळी पहाटेचं गाणं बारादरीत ठरलं होतं. इमारत सुरक्षित आहे की नाही, हे त्याआधी नम्रताने बागेच्या न्यासाला लिहून द्यायचं होतं. सुरक्षित म्हटलं, तर त्या कमानींखाली दोनशे माणसं बसणार होती. धोकादायक म्हटलं, तर बारादरी उतरवून तिथे खाऊगल्ली उभारायचा ठराव न्यासाच्या बैठकीत तयारच होता.

न्यासाच्या चिटणीस शर्मिला घाटे यांच्याकडे ती आधी गेली. कार्यक्रम त्यांचा, प्रायोजक त्यांनी आणलेला, फलक स्वारगेटपर्यंत लागलेले. तुटलेल्या काचा लपवण्याचं कारण त्यांच्याइतकं कोणाकडेच नव्हतं.

"बारादरीतल्या काचा कोणी बदलल्या?" नम्रताने विचारलं.

"अहो, माझ्या या खिडकीची काच फुटून वर्ष झालं," शर्मिलाबाई म्हणाल्या. खिडकीला पुठ्ठा होता. "काचा बदलायची सोय असती तर इथूनच सुरुवात केली असती की."

"पण कोणीतरी बदलल्यात."

"मग सकाळच्या मंडळींना विचारा. आजोबांची इस्टेट असल्यासारखे वावरतात तिथे."

काचा फुटल्या होत्या का, हे मात्र शर्मिलाबाईंनी विचारलं नाही. जिना उतरताना ते नम्रताच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता सकाळी बागेत गेली. सकाळच्या मंडळींचा ओंकार संपला, मग हात वर करून हसणं झालं, मग चहासाठी सगळे फाटकाकडे निघाले. एक गृहस्थ मागे राहिले. बिबवेवाडीचे बद्रीनाथ पाटणकर, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, या हास्यमंडळाचे अध्यक्ष. त्यांनी चष्मा बदलला आणि मोबाइलच्या उजेडात एकेक काच तपासायला सुरुवात केली.

"काका, काय बघताय?"

"तडा," ते वळूनही न बघता म्हणाले. "आज नाही. बाईंची सुट्टी दिसते."

"कुठल्या बाईंची?"

"चिटणीस बाईंची. त्या फोडतात, मी बसवतो. श्रावणापासून चाललंय आमचं."

नम्रता भिंतीपाशी आली. "फोडताना पाहिलंत त्यांना?"

"पाहायला कशाला हवं? खाऊगल्ली काय मला हवीय? ती हवीय बाईंच्या न्यासाला. काच फुटली की इमारत धोकादायक. धोकादायक म्हटलं की आला बुलडोझर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

पाटणकरांनी आता तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला नेमलं कोणी, ओव्हाळ मॅडम?"

"काका, काचा कोणी फोडल्या नसतील. भिंतच हलत असेल."

"पानशेतच्या पुरात लोक इथे आसऱ्याला होते. तेव्हा हलली नाही ती आता हलेल?"

पुराचं पाणी इथवर आलं नव्हतं, आणि शेजारचा हौद तेव्हा कोरडा होता. यंदा श्रावणात शर्मिलाबाईंनी तो काठोकाठ भरून कारंजं सुरू केलं होतं, आणि भेग हौदाकडच्याच कोपऱ्यात होती. पाणी जोत्याखाली जात असावं, असा नम्रताचा अंदाज होता. पण तो सांगून उपयोग नव्हता. पाटणकर म्हणणार, बाईंनी काचा फोडल्या. बाई म्हणणार, या गृहस्थांनी पुराव्यात हात घातला. दोघांच्याही बोलण्याला थोडा आधार होता, त्यामुळे भिंतीचं कोणी ऐकणार नव्हतं.

तिने बारादरी दोरी लावून बंद केली. भेगेच्या बाहेरच्या बाजूला, हौदावरून दिसेल अशी एक नवी पट्टी बसवली. मग हौदाच्या काठावर, भिंतीला हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या आणि दोघांना बोलावलं.

"बाग उघडल्यापासून बंद होईपर्यंत दोघांनी इथे बसायचं. रात्री फाटकाला दोघांची दोन कुलपं. नाहीतर मी काहीच लिहून देणार नाही."

"मला कामं आहेत," शर्मिलाबाई म्हणाल्या.

"असणारच," पाटणकर म्हणाले. "उजेडात जमत नसतील."

शर्मिलाबाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि बसल्या.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुपारी शर्मिलाबाईंनी डबा उघडून थालीपिठाचा तुकडा पुढे केला.

"नको," पाटणकर म्हणाले. "हात धुवायला उठावं लागेल."

"म्हणजे मी तेवढ्यात धावत जाऊन काच फोडणार? या गुडघ्यांनी?"

"गुडघ्यांचं मी फक्त ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी दोघांनी वर्तमानपत्रं आणली, पण पान कोणीच उलटलं नाही. नम्रता खाली जोत्याचे दगड बघत होती. दुपार कलताना बांगडी पिचावी तसा बारीक आवाज झाला. दोघांनी आधी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. मग काचेकडे. पट्टीच्या मधोमध केसासारखी रेघ गेली होती. भिंतीजवळ कोणी नव्हतं.

"तुम्ही..." पाटणकर म्हणाले.

"मी इथेच आहे."

"हो. दिसताय."

नम्रता वर आली. तिने काच पाहिली, हात लावला नाही. "कारंजं बंद करा, घाटे मॅडम. हौद रिकामा करायला लागेल."

"जाहिरातीत कारंजं आहे."

"जाहिरातीत बारादरीही आहे."

"गाणं हिरवळीवर घेते," शर्मिलाबाई अखेर म्हणाल्या. "पण एक लिहा. काच फुटली तेव्हा मी खुर्चीत होते."

"ते मी लिहून देतो," पाटणकर म्हणाले. त्यांनी बारादरीकडे हात केला. "मॅडम, वाचेल ना ही?"

"श्रावणातच पहिली तुटलेली काच मला दाखवली असतीत, तर तेव्हाच हो म्हटलं असतं."

"आणि आता?"

"आता उतरवा असं मी लिहिणार नाही. टेकू द्या, पाणी काढा, असं लिहीन. जमीन सुकली की नवी काच लावू. ती टिकली तर तुम्हाला हो म्हणेन."

श्रावणापासून नेटाने बसवलेल्या प्रत्येक काचेचा पाटणकरांना मनातून अभिमान होता. ते दोन्ही पंजे उताणे करून बघत बसले.

शर्मिलाबाई पंपाच्या खोलीकडे गेल्या आणि कारंजं थांबलं. परत येऊन त्या म्हणाल्या, "अहो पाटणकर, उठा आता. घरी जा."

"तुम्ही निघा. मग मी."

"अजून संशय आहे?"

"सवय आहे," पाटणकर म्हणाले.

शर्मिलाबाईंनी आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून पाटणकरांच्या शेजारी ठेवली आणि बसल्या. पाणी उपसायला माळी हौदात नळी सोडत होता. पाणी जरा खाली गेल्यावर जोत्याच्या दोन दगडांमधली एक काळी फट वर आली, आणि हौदातलं पाणी तिच्यातून आत जाताना दोघांनाही दिसलं.