उंबऱ्याजवळची फरशी

बदलापूर गावातल्या जुन्या लक्ष्मीनारायणाच्या देवळातून मूर्ती हलवल्या, तेव्हा कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. स्टेशनकडे नवं संगमरवरी देऊळ झालं होतं. जुन्याचं सांस्कृतिक केंद्र करायचं ठरलं आणि सभेत दौलतराव गुप्त्यांनीही हात वर केला. घरी आल्यावर त्यांना फरशी आठवली.

सभामंडपाच्या उंबऱ्याला लागून ती होती. ‘कै. सौ. कुमुदिनी दौलतराव गुप्ते.’ शेवटच्या दुखण्यात बायकोनं सांगितलं होतं, “माझं नाव भिंतीवर नको. खाली घाला. देवाला येणाऱ्यांचे पाय लागू देत.” लोक अनवाणी येत. सात वर्षं पाय लागले. आता चपला लागणार होत्या.

दौलतराव कमिटीच्या शरदचंद्रांकडे गेले.

“काढून भिंतीत बसवू की,” शरदचंद्र म्हणाले. “हार घालता येईल.”

“भिंतीवर पाय कोण ठेवणार?”

“मग राहू दे तिथंच. पण हॉलमध्ये चपला काढा असं कुणाला सांगता येणार नाही हं, दौलतराव.”

उद्घाटनाला दौलतराव दाराशी स्टूल टाकून बसले आणि येईल त्याला चपला काढायला सांगू लागले. काहींनी ऐकलं. उल्हासनगरहून आलेला तबलजी हसला. “काका, देव तर शिफ्ट झाला ना? माझे नवे बूट गेले तर कोण भरून देणार, तुम्ही?” मागचे हसले आणि बुटांसकट आत गेले. त्यांच्यामागून सगळेच तसे गेले. दौलतरावांनी स्टूल बाजूला ओढलं. गाणं झालं, भाषणं झाली, टाळ्या झाल्या. त्यांना काही ऐकू आलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर त्यांनी रुमाल ओला करून फरशी पुसायला घेतली. अक्षरांत माती बसली होती. कुमुदिनीच्या भजनी मंडळातल्या अंजनीवहिनी निघता निघता थांबल्या.

“द्या इकडे, मी पुसते.”

“नको.”

“भाऊजी, एक विचारू? तुम्ही रोज देवळात यायचात. पण या फरशीवर कधी पाय ठेवला नाहीत. लांब ढांग टाकून आत जायचात. आम्ही बायका बघायचो.”

दौलतराव पुसतच राहिले. “तिच्या नावावर पाय कसा ठेवायचा, वहिनी?”

“तिनं तेवढंच तर मागितलं होतं.”

वहिनी गेल्या. दौलतरावांच्या मनात आलं: लोकांच्या चपलांवर राग धरून बसलो, आणि आपण मात्र सात वर्षं तिला ओलांडत राहिलो.

गुडघ्यावर हात देत ते उठले. चपला काढून त्यांनी भिंतीशी नीट ठेवल्या. उजवा पाय फरशीवर ठेवला, मग डावा. पुसल्यामुळे दगड ओला होता, गार होता. तळव्याला अक्षरं लागत होती.

वॉचमन दिवे घालवायला आला. “बाबा, काही राहिलंय का आत?”

“नाही,” ते म्हणाले. पण पाय काही उचलले नाहीत.